माझ्या पाठीवरचा आकडा

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची आहे. जुनी, कडा झिजलेली, एका बाजूला शेणाच्या पाण्याचा डाग असलेली चकती. खरं म्हणजे मी एक नाही, दोन चकत्या आहे. मधोमध पितळेच्या बटणाने जोडलेल्या. खालची स्थिर राहते, वरची फिरते. वरच्या चकतीला छोट्या खिडक्या आहेत. वय, उंची आणि वजन जुळवायचं, काम कोणत्या प्रकारचं ते निवडायचं, की शेवटच्या खिडकीत आकडा दिसतो. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला किती कॅलरी खायच्या, त्याचा तो आकडा. आता हे काम तुमचे फोन करतात. ते माझ्यापेक्षा हुशार असतील, पण माझी एक खोड त्यांनाही आहे: जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. म्हणून तरी माझी गोष्ट ऐका.

विस्कॉन्सिनमधल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. ज्या यंत्राने दुपारी मला कापलं, त्याच यंत्राने सकाळी माझ्या बहिणीला कापलं होतं. तीही चकतीच, पण ती गायींसाठी होती. गाय किती वजनाची आणि रोज किती दूध देते ते जुळवलं, की तिला किती आंबोण घालायचं ते माझी बहीण सांगायची. एकाच गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यातून आम्ही दोघी निघालो. तिच्यावर गाय छापली आणि माझ्यावर टेप घेऊन कंबर मोजणारी हसरी बाई.

मला दोन बाजू आहेत. पुढून बायकांची, मागून पुरुषांची. पुरुषांच्या बाजूला कामाचे चार प्रकार छापलेत, आणि त्यातला शेवटचा 'जड काम: शेतकरी, लाकूडतोड्या' असा आहे. बायकांच्या बाजूला दोनच: 'बसून काम' आणि 'हलकं काम: गृहिणी, शिक्षिका'. मला ज्याने आखलं त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्याची आई दिवसभर काय करायची, हे त्याने कधी पाहिलं नसावं.

मी लाव्हर्न बेक्कुमच्या हाती पडले. लाव्हर्नच्या नवऱ्याचं गावात खिळे-हातोड्यांचं दुकान होतं आणि ती दिवसभर गल्ल्याशी उंच स्टुलावर बसायची. तिने माझ्याकडून आकडा घेतला, तो प्रामाणिकपणे पाळला आणि दीड वर्षात पन्नास पौंड उतरवले. मग तिने चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बायका जमवायला सुरुवात केली. आधी काटा, मग चकती, मग कॉफी. ज्या बाईचं वजन आठवड्यात वाढलं किंवा हललं नाही, तिला साखरेची पाच पौंडांची पिशवी मांडीवर घेऊन तासभर बसावं लागायचं. सगळ्या हसायच्या, आणि पिशवीवालीसुद्धा हसायची. टपाल कचेरीतली बाई बारीक झाली, तिसरीच्या वर्गाची बाई बारीक झाली. लाव्हर्न मला उंच धरून म्हणायची, "माणूस खोटं बोलेल, काटा बिघडेल, पण ही चकती खोटं बोलत नाही."

मित्रांनो, खरं सांगते, माझ्या डोक्यात हवा गेली. मी पुठ्ठ्याची आहे हेच मी विसरले.

त्या गावातल्या माणसांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आलं. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची ही नातवंडं-पतवंडं. त्यांच्यात कुणी काही पुढे केलं की पटकन घ्यायचं नाही. पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'खरंच नको', आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी अर्धा कप'. मग पूर्ण कप प्यायचा आणि वर दोन वड्या खायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं. पण यजमानालाही ते पाठ असायचं. तो तिसऱ्यांदा विचारायचाच, आणि म्हणून त्या गावात कुणी उपाशी उठत नसे.

सप्टेंबरच्या एका मंगळवारी आर्डिस टोलेफ्स्रूड आली. बावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची, उजवा पाय ओढत चालणारी. वजन दोनशे बारा पौंड भरलं. ती काट्यावरून उतरून माझ्यासमोर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. मोठे, लाल, भेगा पडलेले हात होते ते. मी ते पाहिले. पण माझ्याकडे हातांसाठी खिडकी नाही.

"गुडघा गेलाय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, एप्रिलमध्ये ऑपरेशन करू. पण चाळीस पौंड उतरवून या, नाहीतर येऊच नका."

"आणि नाही झालं ऑपरेशन तर?" लाव्हर्नने विचारलं.

"तर गायी विकाव्या लागतील. ऑर्लिनची पाठ ट्रॅक्टरखाली सापडल्यापासून त्याला वाकता येत नाही."

लाव्हर्नने वय जुळवलं, उंची जुळवली, वजन जुळवलं. "काम काय करतेस? काय धरू?"

"काम कसलं गं," आर्डिस ओशाळून हसली. "मी घरीच असते."

"म्हणजे गृहिणी."

"हो, तेच."

अडतीस गायी होत्या तिच्या गोठ्यात. तिच्या नवऱ्याला, ऑर्लिनला, वाकता येत नव्हतं, म्हणजे दोन्ही वेळच्या धारा तीच काढत होती. दूध काढायची यंत्रं उचलून एका गायीखालून दुसरीखाली लावायची, दुधाच्या बादल्या टाकीत ओतायच्या, वासरांना पाजायचं, शेण ओढायचं. पण त्या गावातल्या बायका याला काम म्हणत नसत. ती म्हणजे 'ऑर्लिनला थोडी मदत'. आणि लाव्हर्नला हे ठाऊक नव्हतं असं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण रकान्यात काय लिहायचं विचारलं तेव्हा कुणालाच ते आठवलं नाही.

माझ्या खिडकीत आकडा आला: बाराशे.

"पुरेल ना एवढं?" लाव्हर्नने विचारलं.

"पुरेल की. भरपूर आहे."

"बघ हं, कमी वाटलं तर आत्ताच सांग."

"नाही नाही, खरंच पुरेल."

आणि लाव्हर्न पुढच्या बाईकडे वळली. दोनदा विचारून झालं होतं. कॉफी असती तर तिने तिसऱ्यांदाही विचारलं असतं. पण छापील आकड्याबद्दल तिसऱ्यांदा कोण विचारतं?

त्या वेळी माझी मागची बाजू टेबलावरच्या मेणकापडाला चिकटून होती. 'जड काम: शेतकरी' ही अक्षरं खाली तोंड करून पडली होती. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला तोंड नाही, आणि खरं तर तेव्हा मला स्वतःलाही त्याची जाणीव नव्हती. बाराशे हा माझाच आकडा होता आणि मला तो सुंदर दिसत होता.

आर्डिसचं शेत गावापासून लांब. लाव्हर्नकडे नवी चकती आली होती, म्हणून तिने मला आर्डिसकडे दिलं. "परत कर सावकाश," ती म्हणाली. आर्डिसने मला दुधाच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. आणि शेजारच्या खिळ्यावर कोण असावं? माझी बहीण. गायींची चकती. तिच्यावर दुधाचे शिंतोडे वाळले होते आणि ती आनंदात होती.

सुरुवातीला सगळं छान चाललं. वजन भराभर उतरायला लागलं, आठवड्याला तीन पौंड. मंगळवारी टाळ्या पडायच्या. आर्डिस लाल व्हायची आणि म्हणायची, "त्यात काय एवढं." सकाळी एक अंडं आणि कोरडा पाव, दुपारी सूप, रात्री मोजून मांस आणि घेवडा. ती मला एप्रनच्या खिशात घालून स्वयंपाकघरात आणायची आणि ताटाशेजारी ठेवायची. पोटात कावळे ओरडायला लागले की मला हातात घेऊन तो आकडा बघायची. लोक देवाच्या तसबिरीकडे बघतात तसं. मला त्याचाही अभिमान वाटला. आज लाज वाटते.

ऑक्टोबरच्या अखेरीस तिचे हात सतत गार राहू लागले. केस फणीला गुंतून येऊ लागले. धारा काढताना ती गायीच्या कुशीला कपाळ टेकून क्षणभर थांबायची, मग पुढे सरकायची.

नोव्हेंबरात काटा अडला. दोन आठवडे वजन एक पौंडही हललं नाही. उपाशी शरीर असंही वागतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तळघरातल्या कुणाला माहीत नव्हतं.

"खरं सांग आर्डिस," लाव्हर्न गमतीने म्हणाली, "रविवारी केकवर हात मारलास की नाही? चकती तर खोटं बोलत नाही."

"खाल्लं असेल काहीतरी," आर्डिस म्हणाली. तिने काही खाल्लं नव्हतं. पण चारचौघींत 'मी उपाशी आहे' म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याला नावं ठेवणं, असंच ती लहानपणापासून शिकली होती. साखरेची पिशवी तिच्या मांडीवर आली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मी तिच्या पर्समध्ये होते.

दुसऱ्या दिवशी तिने मला खिळ्यावरून काढलं आणि आकडा आणखी कमी यावा म्हणून वजनाच्या जागी आपलं खरं वजन न लावता जे व्हायला हवं होतं ते लावलं, आणि वय दहा वर्षांनी वाढवलं. खिडकीत नऊशे आले. तिने मान हलवली आणि त्या दिवसापासून ती नऊशेवर राहिली. मी मुकाट्याने नऊशे दाखवले. जे लावलं त्याचं उत्तर दिलं.

नाताळाच्या आधी ऑर्लिनने एकदा विषय काढला. लांबट चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. टेबलावर लोण्यात घोळलेले बटाटे होते.

"एक बटाटा घे."

"नको."

"घे की. बाहेर शून्याच्या खाली वीस आहे."

"नको रे, खरंच पोट भरलंय माझं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ताटाशेजारी पडलेल्या माझ्याकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, "चकतीत आहे म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल कुणीतरी." आणि तो बटाटा त्याने स्वतः खाल्ला. आर्डिस तो संपेपर्यंत त्याच्या काट्याकडे बघत होती.

जानेवारीतली एक सकाळ मी विसरू शकत नाही. चोवीस नंबरची गाय अंगाने उतरली होती. आर्डिसने माझ्या बहिणीला खिळ्यावरून काढलं आणि फिरवायला लागली. बोटं गारठलेली, दोनदा आकडा चुकला. दारात ऑर्लिन उभा होता.

"हिला कमी पडतंय रे," ती त्याला म्हणाली. "दूध किती देते बघ. जेवढं अंगातून जातं तेवढं पोटात नको पडायला? दोन पौंड वाढवते आजपासून."

"वाढव," ऑर्लिन म्हणाला. "मुकं जनावर आहे, ते कसं सांगणार?"

आर्डिसने बहिणीला पुन्हा खिळ्याला लावलं, आणि जाता जाता माझ्याकडे बघून तिने खाली गेलेला मोजा वर ओढला. मोजा पुन्हा खाली घसरला. पोटरी उरलीच नव्हती. बहीण त्या दिवशी मला म्हणाली, "तुझ्यात कामाची खिडकी नाही का गं?" मी म्हटलं, आहे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते घडलं. सकाळच्या धारा चालू होत्या. मी तिच्या एप्रनच्या खिशात होते. ऑर्लिन पलीकडच्या चाऱ्याच्या मनोऱ्यात गोठलेला मुरघास फोडून खाली टाकत होता. अकराव्या आणि बाराव्या गायीच्या मधे, यंत्र उचलताना आर्डिस एकदम म्हणाली, "अंधार का झाला?" दिवे लागलेले होते. मग ती पडली. उजव्या अंगावर, शेणाच्या सिमेंटच्या नालीत. कंबरेचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण मी त्याच बाजूच्या खिशात होते.

तिने हाक मारली. यंत्रांच्या पंपाचा घरघराट एवढा की शेजारच्या गायीनेसुद्धा मान वळवली नाही. अर्ध्या तासाहून जास्त वेळ ती त्या गार पाण्यात होती. ते पाणी खिशात आलं, माझ्या अंगात मुरलं. ऑर्लिन आला तेव्हा ती जागी होती. त्याला पहिलं वाक्य बोलली ते असं: "बारावीपासून पुढच्या राहिल्यात."

इस्पितळात तिचे कपडे पिशवीत भरून पलंगाशेजारच्या कपाटात ठेवले, त्यात मी. हाड जोडलं, पण चौथ्या दिवशी छातीत कफ भरला. डॉक्टर ऑर्लिनला म्हणाले, "लढायला अंगात काही शिल्लकच नाही. ही खात काय होती?" परिचारिकेने कागदावर वजन लिहिलं, एकशे एकाहत्तर. दोनशे बारातून एकशे एकाहत्तर वजा करा, मित्रांनो. चाळीसच्या वर एक. डॉक्टरांची अट तिने पुरी केली होती, आणि वर एक पौंड जास्त दिला होता. नवव्या दिवशी ती गेली.

मार्चमधल्या एका मंगळवारी ऑर्लिन चर्चच्या तळघरात आला. लाव्हर्न एकटीच काटा मांडत होती. त्याच्या एका हातात मी होते, दुसऱ्या हातात साईची बरणी. कुणाची वस्तू परत करताना रिकाम्या हाताने जायचं नाही, हीसुद्धा तिथली रीत.

"तुमची चकती," तो म्हणाला. "पुसली, पण डाग गेला नाही. आणि ही साय. आता घरात खाणारं कुणी नाही."

लाव्हर्नने बरणी घेतली आणि ती कुठे ठेवावी हे तिला सुचेना. "कॉफी घे, ऑर्लिन."

"नको."

"घे की. ताजी आहे."

"नको, खरंच नको."

लाव्हर्न किटली हातात धरून तशीच उभी राहिली. तिसऱ्यांदा विचारायला तिला फार वेळ लागला. "घे रे बाबा," ती म्हणाली, आणि कप भरून त्याच्यापुढे ठेवला.

ऑर्लिन बसला. कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "मीही तिला दोनदाच विचारलं होतं. नाताळाच्या आधी. बटाट्यासाठी."

लाव्हर्नने मला उचललं. कदाचित हातांना काहीतरी हवं होतं म्हणून. आणि पहिल्यांदाच तिने मला उलटं केलं. 'जड काम: शेतकरी.' तिने आर्डिसचं वय लावलं, उंची लावली, सप्टेंबरमधलं वजन लावलं. ते सगळे आकडे तिला तोंडपाठ होते.

"ती पुरुषांची बाजू आहे," ऑर्लिन म्हणाला.

"धारा कोण काढायचं तुमच्याकडे?"

"ती."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. शेणसुद्धा तीच ओढायची." त्याने कप खाली ठेवला. "मी तर फक्त मुरघास टाकायचो."

खिडकीत आकडा आला: दोन हजार. पुरुषांची बाजू म्हणून तोही तिच्यासाठी तंतोतंत नसेल. पण जवळचा होता, आणि तेवढं खाऊन आर्डिस उभी राहिली असती. एवढंच नाही. हळूहळू उतरलं असतं वजन, आठवड्याला दीड पौंड, साखरेची पिशवी चार-दोनदा जास्त मांडीवर आली असती, पण एप्रिलपर्यंत चाळीस पौंड उतरलेच असते. हा हिशेब मी केला आहे. तेव्हापासून दुसरं काही केलेलं नाही.

लाव्हर्नने मला टेबलावर ठेवलं. पुढची बाजू खाली, मागची वर. दोघंही माझ्याकडे बघत बसले. कॉफी कुणीच प्यायलं नाही.

गायी त्या वसंतात विकल्या गेल्या. चोवीस नंबरला चांगली किंमत आली, तब्येत सुधारली होती तिची. लाव्हर्नने साखरेची पिशवी त्याच दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात फोडून डब्यात ओतली, आणि तो मंगळवार कायमचा बंद केला. माझ्यावरच्या 'हलकं काम'पुढचा 'गृहिणी' हा शब्द तिने पेनाने खोडला, इतक्या जोरात की तिथे पुठ्ठा फाटला. मग मला त्याच स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं. आज मी तिथेच आहे, कॉफी गाळायच्या कागदांच्या खाली. लाव्हर्नही गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. कधीतरी कुणी खण उघडतं, मला फिरवून बघतं, हसतं आणि परत ठेवतं.

मित्रांनो, मी आकडा देते, पण माणूस मला दिसत नाही. तुमच्या फोनलाही दिसत नाही. म्हणून आकडा घेण्याआधी त्या माणसाचे हात बघा. पहाटे कोण उठतं, बादली कोण उचलतं ते बघा. 'मी काहीच करत नाही' असं कुणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि जेवताना कुणी 'नको' म्हणालं, 'खरंच नको' म्हणालं, तर तिथे उठून जाऊ नका. आर्डिसला तिसऱ्यांदा 'हो' म्हणायचं होतं, आणि तिला तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.